जुना ड्रायव्हर हाती आला की: लॉकिंग आणि एरर हँडलिंगची दुरुस्ती, पायरीपायरीने

लिनक्स कर्नलमधला सदोष ड्रायव्हरसुद्धा एरवी व्यवस्थित चालतो. बोर्ड सुरू होतो, डेटा येतो, चाचणी पास होते. मग एके दिवशी दोन प्रोसेस एकदम वाचायला येतात, किंवा मेमरी कमी पडते, किंवा वापरात असतानाच डिव्हाइस काढलं जातं, आणि मशीन गोठतं. अशा वेळी लॉकिंगची (एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देण्याची) चूक आणि एरर हँडलिंगची चूक या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून तपासल्या जातात. माझा आग्रह आहे की त्या एकत्रच तपासाव्यात, कारण दोन्हीकडे प्रश्न तोच आहे: या ओळीवर असताना ही वस्तू आणखी कोणाच्या हाती असू शकते, आणि आत्तापर्यंत आपण नेमकं काय काय घेतलेलं आहे?

समजायला सोपं जावं म्हणून एक नमुना ड्रायव्हर धरू. एसओसीवरचा (एकाच चिपवरच्या संगणकातला) एडीसी, म्हणजे ॲनालॉग सिग्नल आकड्यांत बदलणारा भाग. रजिस्टर मेमरीत मॅप केलेले, एक क्लॉक, एक रेग्युलेटर, एक इंटरप्ट. इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरने हाक दिली की चालणारं फंक्शन) सॅम्पल उचलून फिफोत, म्हणजे आधी आलेलं आधी बाहेर अशा रांगेत, टाकतो. यूजरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्रॅम) रीड करून ती घेतं आणि आयऑक्टलने (डिव्हाइसला हुकूम देणाऱ्या कॉलने) सॅम्पलिंगचा वेग बदलतं. हार्डवेअर अडकलं तर टाइमर ओळखतो आणि रीसेटचं काम वर्कक्यूला (कर्नलमधल्या नंतर करायच्या कामांच्या रांगेला) देतो. असे शेकडो ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेत आणि त्यांच्या चुकाही एकमेकांसारख्याच असतात.

आधी डीबग कर्नल तयार करा

कोडला हात लावण्याआधी प्रूव्ह_लॉकिंग, डीबग_अटॉमिक_स्लीप (झोपू नये तिथे झोपणं पकडणारा) आणि केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारा) हे पर्याय चालू करून कर्नल बांधा. मोकळी न केलेली मेमरी शोधणारं केमेमलीकही घ्या. डेटा रेस (दोघांनी लॉकशिवाय एकाच डेटाला एकदम हात लावणं) शोधणारा केसीसॅन मात्र केसॅनबरोबर एकाच कर्नलमध्ये चालत नाही, त्याच्यासाठी वेगळा कर्नल बांधावा लागतो.

यातलं सगळ्यात मोलाचं साधन लॉकडेप, जे प्रूव्ह_लॉकिंगने चालू होतं. इंगो मोलनार आणि आर्यन व्हॅन डी व्हेन यांनी ते लिहिलं आणि 2006 साली 2.6.18 मध्ये ते कर्नलमध्ये आलं. त्याचं वैशिष्ट्य असं की डेडलॉक (एकमेकांच्या लॉकची वाट पाहत कायमचं अडकणं) प्रत्यक्ष व्हायची गरज नसते. एकदा कुठेतरी आधी ‘अ’ मग ‘ब’ असे लॉक घेतले गेले आणि नंतर कधीतरी आधी ‘ब’ मग ‘अ’, की ते लगेच सांगतं; दोन्ही वेळा एकच प्रोसेस असली तरी चालतं. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. जो कोड चाललाच नाही त्याबद्दल लॉकडेपला काही कळत नाही. आणि पहिली तक्रार छापल्यावर ते स्वतःला बंद करून घेतं. म्हणून एक तक्रार दिसली की ती दुरुस्त करून मशीन रीबूट करा, मगच पुढच्या शांततेवर विश्वास ठेवा. कित्येकदा ती पहिली तक्रार दुसऱ्याच एखाद्या ड्रायव्हरची असते आणि आपल्या चुका तिच्यामागे लपून राहतात.

कोण कशाला हात लावतं

आता कागद घ्या. ड्रायव्हरच्या मुख्य स्ट्रक्चरमधलं एकेक फील्ड एका बाजूला लिहा आणि समोर ते कोणकोण वाचतं, कोणकोण बदलतं ते लिहा. आपल्या एडीसीत फिफोच्या सुरुवातीचा (हेड, नवं सॅम्पल कुठे लिहायचं) आणि शेवटाचा (टेल, पुढचं कुठून वाचायचं) इंडेक्स हँडलर आणि रीड वापरतात. सॅम्पलिंगचा वेग आणि ‘चालू आहे का’ हा ध्वज आयऑक्टल आणि रीसेटचं काम वापरतात. कंट्रोल रजिस्टरही त्या दोघांचंच. हँडलर फक्त डेटा रजिस्टर वाचतो.

प्रत्येक नावापुढे संदर्भही, म्हणजे तो कोड कोणत्या परिस्थितीत चालतो तेही, लिहा. रीड, आयऑक्टल आणि वर्कक्यूचं काम प्रोसेस संदर्भात चालतात, त्यांना झोपता (कोअर सोडून वाट पाहता) येतं. टाइमरचं फंक्शन सॉफ्टइंटरप्टमध्ये चालतं आणि हँडलर हार्ड इंटरप्टमध्ये. या दोघांना झोपता येत नाही. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण ते टाळून लॉक टाकत सुटणं म्हणजे अंदाजाने औषध देणं. लॉक डेटासाठी असतो, कोडसाठी नाही. म्हणून ‘हा लॉक अमुक फील्ड सांभाळतो’ अशी कॉमेंट स्ट्रक्चरमध्ये लॉकच्या ओळीलाच लिहा. ती लिहिता येत नसेल तर त्या लॉकचं कामच अजून ठरलेलं नाही.

लॉक निवडणं

कागद समोर असला की निवड जवळजवळ आपोआप होते. आपल्याला तीन लॉक लागतील. सेटिंग, रजिस्टर आणि डिव्हाइसची अवस्था यांसाठी एक म्युटेक्स (वाट पाहताना झोपणारा लॉक); त्याला सेटिंग_लॉक म्हणू. एका वेळी एकच वाचक आत असावा म्हणून दुसरा म्युटेक्स, वाचन_लॉक. आणि फिफोच्या दोन इंडेक्सांसाठी स्पिनलॉक (वाट पाहताना न झोपता फिरत राहणारा लॉक), फिफो_लॉक.

फिफो_लॉक हँडलरही घेतो, म्हणून प्रोसेस संदर्भात तो स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्हनेच (जो त्या कोअरवरचे इंटरप्टही बंद करतो) घ्यायचा. साधा स्पिन_लॉक घेतला आणि त्याच कोअरवर इंटरप्ट आला, तर हँडलर त्याच लॉकसाठी फिरत बसेल, आणि लॉक सोडणारा कोड त्याच्याखाली अडकलेला असल्याने ती वाट कधीच संपणार नाही. हँडलरच्या आत साधा स्पिन_लॉक पुरतो. लॉक फक्त टाइमरशी वाटून घेतलेला असेल तर स्पिन_लॉक_बीएच (फक्त सॉफ्टइंटरप्ट अडवणारा) पुरतो. स्पिन_लॉक_आयआरक्यू आणि त्याचा अनलॉक ही जोडी जपून वापरा: इंटरप्ट आधीच बंद असलेल्या ठिकाणाहून फंक्शन बोलावलं गेलं, तर अनलॉक करताना ते इंटरप्ट नकळत चालू होतात.

जी खाजगी फंक्शन लॉक आधीच घेतलेला आहे असं धरून चालतात, त्यांच्या पहिल्याच ओळीत लॉकडेप_असर्ट_हेल्ड लिहा. कॉमेंट कोणी वाचलीच नाही असं होऊ शकतं. ही ओळ डीबग कर्नलवर स्वतःहून बोलते.

प्रीएम्प्ट_आरटी (कर्नलची रिअल-टाइम सोय) 2024 मध्ये 6.12 च्या वेळी मुख्य कर्नलमध्ये आलं, आणि त्यामुळे एक जुनी सवय सोडावीच लागेल. त्या कर्नलवर साधा स्पिनलॉक झोपू शकतो. आधी लोकल_आयआरक्यू_डिसेबल आणि मग स्पिन_लॉक असा हाताने जुळवलेला कोड तिथे मोडतो. स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्हसारखं जोडलेलं फंक्शन आहे, तेच वापरा.

रीड: जिथे सगळ्यात जास्त चुका सापडतात

जुन्या ड्रायव्हरच्या रीड फंक्शनमध्ये फिफो_लॉक घेऊन आतच कॉपी_टू_यूजर (डेटा यूजरच्या मेमरीत नेणारं फंक्शन) बोलावलेलं बरेचदा दिसतं. यूजरचं पान मेमरीत नसेल तर कर्नलला ते आणावं लागतं, म्हणजे झोपावं लागतं, आणि स्पिनलॉक धरून झोपता येत नाही. डीबग कर्नल इथे ‘स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट’ असं छापतो. जीएफपी_कर्नलने मेमरी मागणं, म्युटेक्स घेणं, क्लॉक प्रिपेअर करणं, या सगळ्यांना हाच नियम.

दुरुस्ती अशी. फिफो भरला तर हँडलरने नवं सॅम्पल टाकून द्यायचं आणि गळतीचा आकडा वाढवायचा, जुन्यावर लिहायचं नाही. एवढं ठरवलं की न वाचलेला भाग वाचकाचाच राहतो. मग रीडमध्ये वाचन_लॉक धरून: फिफो_लॉक घ्या, किती सॅम्पल आहेत ते पाहा, लॉक सोडा, स्पिनलॉकशिवाय कॉपी करा, कॉपी यशस्वी झाली तरच पुन्हा फिफो_लॉक घेऊन शेवटाचा इंडेक्स पुढे सरकवा. कॉपी फसली तर इंडेक्स जागेवरच राहतो आणि सॅम्पल हरवत नाही. लॉकिंग आणि एरर हँडलिंग एकत्र पाहावं असं मी म्हणतो ते यासाठी: इंडेक्स कधी हलवायचा हा एकच निर्णय दोन्ही बाजू सांभाळतो.

कॉपी_टू_यूजर ऋण एरर कोड देत नाही, कॉपी न झालेल्या बाइटची संख्या देतं. ती संख्या तशीच रिटर्न केली तर यूजरला वाटतं तेवढे बाइट मिळाले. शून्याहून वेगळं काही आलं तर उणे ईफॉल्ट हा एरर कोड द्या.

आता डेटा नसतानाची वाट. रीड सेटिंग_लॉक धरून सॅम्पलची वाट पाहत झोपलं, तर सॅम्पलिंग सुरू करणारं आयऑक्टल त्याच लॉकपाशी अडकतं. सॅम्पलिंग सुरू होत नाही, म्हणून सॅम्पल येत नाही. वेट क्यू (वाट पाहत झोपलेल्यांची रांग) हा काही लॉक नाही, त्यामुळे लॉकडेप याबद्दल गप्प राहतं. इथे डोळ्यांनीच वाचावं लागतं. फिफो रिकामा दिसला की सगळे लॉक सोडा, यूजरने वाट न पाहण्याचा ध्वज दिला असेल तर उणे ईअगेन द्या, नाहीतर वेट_इव्हेंट_इंटरप्टिबलने थांबा. जाग आल्यावर वाचन_लॉक पुन्हा घ्या आणि फिफो पुन्हा तपासा, कारण मधल्या वेळात दुसऱ्या वाचकाने तो रिकामा केलेला असू शकतो. सिग्नलमुळे जाग आली तर मिळालेला कोड तसाच परत करा. म्युटेक्स_लॉक_इंटरप्टिबलचं उत्तरही तपासलंच पाहिजे. न तपासता पुढे गेलं की न घेतलेला लॉक सोडला जातो.

ड्रायव्हरला एमएमॅप (डिव्हाइसची मेमरी थेट प्रोग्रॅमला जोडून देण्याची सोय) असेल तर आणखी एक फास असतो. कॉपी_टू_यूजरमध्ये पान आणताना कर्नल प्रोसेसचा एमएमॅप_लॉक घेतो, म्हणजे क्रम झाला: आपला म्युटेक्स, मग एमएमॅप_लॉक. आपलं एमएमॅप फंक्शन तर एमएमॅप_लॉक आधीच धरून बोलावलं जातं. तिथे तोच म्युटेक्स घेतला की क्रम उलटा झाला. त्या कामासाठी वेगळा लॉक ठेवा.

टाइमआउट झाल्यावरही हार्डवेअर चालूच असतं

वेट_फॉर_कम्प्लीशन_टाइमआउट, म्हणजे काम संपल्याची खूण मिळेपर्यंत ठरावीक वेळ थांबणारं फंक्शन, वेळ संपली तर शून्य देतं आणि काम झालं तर उरलेला वेळ. ‘शून्यापेक्षा कमी आहे का’ ही तपासणी इथे कधीच खरी ठरत नाही, आणि तरीही ती कोडमध्ये दिसते. शून्य आलं तर उणे ईटाइम्डआउट द्यायचं. पण त्याआधी हार्डवेअर थांबवा, इंटरप्ट मास्क करा, सिंक्रोनाइझ_आयआरक्यूने चालू हँडलर संपू द्या. नाहीतर उशिरा आलेला इंटरप्ट आपण सोडून दिलेल्या बफरमध्ये लिहील. रीइनिट_कम्प्लीशनही हार्डवेअरला काम देण्याच्या आधीच करायचं, नंतर नाही.

प्रोबचा क्रम

प्रोबमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर कर्नल बोलावतो त्या सुरुवातीच्या फंक्शनमध्ये) दोन क्षण निर्णायक असतात. रिक्वेस्ट_आयआरक्यू यशस्वी झाल्या क्षणापासून हँडलर धावू शकतो, आणि मिस्क_रजिस्टर (डिव्हाइसची फाइल यूजरला खुली करणारं) यशस्वी झाल्या क्षणापासून यूजर फाइल उघडू शकतो. यांच्या आधी लागणारं सगळं तयार असलं पाहिजे.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी मेमरी. लगेच लॉक, वेट क्यू, टाइमर आणि वर्क यांचं इनिशियलायझेशन. मग रजिस्टर मॅप करणं, इंटरप्टचा क्रमांक, क्लॉक, रेग्युलेटर मिळवणं. मग वीज आणि क्लॉक चालू. मग हार्डवेअरमधले इंटरप्ट मास्क करून प्रलंबित ध्वज पुसणं, कारण बूटलोडरने काय मागे ठेवलं आहे ते आपल्याला माहीत नसतं. मग रिक्वेस्ट_आयआरक्यू. सर्वांत शेवटी मिस्क_रजिस्टर. स्पिनलॉक इनिशियलाइझ होण्याआधी हँडलर धावला तर लॉकडेप ‘ट्राइंग टू रजिस्टर नॉन-स्टॅटिक की’ असं सांगतं. हा संदेश दिसला की प्रोबचा क्रम तपासा.

मध्येच काही फसलं तर आत्तापर्यंत घेतलेलं सगळं उलट क्रमाने सोडायचं. त्यासाठी गोटू वापरणं ही कर्नलची रूढ पद्धत आहे, आणि चांगली पद्धत आहे. लेबलला ती काय सोडते त्याचं नाव द्या: ‘क्लॉक_बंद’, ‘रेग्युलेटर_बंद’. ‘एरर1’, ‘एरर2’ अशी नावं मधे एक पायरी वाढली की खोटी पडतात.

एरर कोड जपून पुढे न्या

कोणतं फंक्शन काय परत करतं ते दरवेळी पाहा. केझॅलॉक फसलं तर नल देतं. डेव्हएम_क्लॉक_गेट फसलं तर पॉइंटरमध्ये भरलेला एरर कोड देतं. त्यासाठी पत्त्यांच्या शेवटच्या 4095 किमती राखून ठेवलेल्या आहेत. इझ_एररला नल दिलं तर ते ‘एरर नाही’ म्हणतं, आणि एरर पॉइंटर नलही नसतो. डेव्हएम_आयओरीमॅप नल देतं, डेव्हएम_आयओरीमॅप_रिसोर्स एरर पॉइंटर देतं; नावं इतकी जवळची की घाईत तपासणी हमखास चुकते. इंटरप्टचा क्रमांक अनसाइन्ड व्हेरिएबलमध्ये ठेवला तर ऋण एरर दिसतच नाही.

मिळालेला कोड बदलू नका. क्लॉक किंवा रेग्युलेटर अजून तयार नसेल तर ईप्रोब_डिफर येतो, क्रमांक 517, आणि ड्रायव्हर कोअर थोड्या वेळाने प्रोब पुन्हा करून पाहतो. तो झाकून उणे ईनोडेव्ह दिलं की दुसरा प्रयत्न होतच नाही. मग एका बोर्डवर डिव्हाइस दिसतं, दुसऱ्यावर नाही, आणि कारण फक्त मॉड्यूल लोड होण्याचा क्रम असतो. संदेश छापण्यासाठी डेव्ह_एरर_प्रोब वापरा, ते या कोडसाठी लॉग भरवत नाही.

सगळ्यात घातक चूक वेगळीच आहे: गोटू केलं, सगळं सोडलं, पण रिटर्नच्या व्हेरिएबलमध्ये आधीच्या यशस्वी कॉलचं शून्य राहून गेलं. कोअरला वाटतं प्रोब झाला, आणि ड्रायव्हर मोकळी केलेली मेमरी घेऊन जगत राहतो. स्मॅच हे साधन अशा जागा दाखवतं, ते जरूर चालवा.

रनटाइम पॉवरचंही एक सांगायला हवं. डिव्हाइसला जागं करणारं पीएम_रनटाइम_गेट_सिंक फसलं तरी वापराचा आकडा वाढवून ठेवतं. ते लक्षात न आल्याने असंख्य ड्रायव्हरांत आकडा कायमचा वर राहायचा आणि डिव्हाइस कधी झोपायचं नाही. 5.10 पासून पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट आहे, ते फसलं तर आकडा स्वतःच खाली आणतं.

डेव्हएम वापरा, पण अर्धवट नको

डेव्हएमने घेतलेल्या गोष्टी प्रोब फसल्यावर किंवा रिमूव्ह (डिव्हाइस सोडताना बोलावलं जाणारं फंक्शन) संपल्यावर उलट क्रमाने आपोआप सुटतात. धोका मिसळण्यात आहे. इंटरप्ट डेव्हएमने घेतला आणि क्लॉक रिमूव्हमध्ये हाताने बंद केला, तर क्लॉक आधी जातो आणि इंटरप्ट नंतर. त्या फटीत हँडलर धावला की तो बंद क्लॉकच्या डिव्हाइसचं रजिस्टर वाचतो, आणि अनेक एसओसींवर तिथेच बस गोठते. एक तर क्लॉकही डेव्हएमवर न्या. त्यासाठी डेव्हएम_क्लॉक_गेट_एनेबल्ड आहे आणि इतर गोष्टींसाठी डेव्हएम_ॲड_ॲक्शन_ऑर_रीसेट. नाहीतर इंटरप्टही हाताने घ्या आणि हाताने सोडा.

आपल्या ड्रायव्हरच्या मुख्य स्ट्रक्चरला मात्र डेव्हएम चालणार नाही. यूजरने फाइल उघडी ठेवली असताना सिसएफएसमधून अनबाइंड केलं (ड्रायव्हर डिव्हाइसपासून सोडवला) तर ती मेमरी जाते आणि फाइल उरते. फाइल ऑपरेशनमधला ओनर मॉड्यूल काढू देत नाही, अनबाइंड मात्र अडवत नाही. म्हणून स्ट्रक्चरला केरेफ (किती जण वापरत आहेत तो आकडा) लावा: एक वापर प्रोबचा, एकेक प्रत्येक उघड्या फाइलचा, शेवटचा सुटला की मेमरी मोकळी.

रिमूव्ह

1. मिस्क_डीरजिस्टर. हे परतल्यावर नवी फाइल उघडली जात नाही.
2. सेटिंग_लॉक घेऊन ‘गेलं’ हा ध्वज लावा, हार्डवेअरचे इंटरप्ट मास्क करा, लॉक सोडा, वाट पाहणाऱ्या सर्वांना जागं करा.
3. फ्री_आयआरक्यू. ते चालू हँडलर संपेपर्यंत थांबतं.
4. टाइमर_शटडाउन_सिंक, मग कॅन्सल_वर्क_सिंक.
5. क्लॉक आणि रेग्युलेटर बंद.
6. प्रोबचा केरेफ सोडा.

चौथ्या पायरीचा क्रम का महत्त्वाचा ते पाहा. टाइमर वर्कला बोलावतो आणि वर्क टाइमर पुन्हा लावतो, म्हणजे कुठूनही सुरुवात केली तरी दुसरा पहिल्याला जिवंत करतो. 6.2 मध्ये आलेलं टाइमर_शटडाउन_सिंक टाइमर पुन्हा लावण्याचा प्रयत्न निष्फळ करतं, म्हणून ते आधी. कॅन्सल_वर्क_सिंक बोलावताना सेटिंग_लॉक हाती नको. रीसेटचं काम तोच लॉक मागतं. आपण कामाची वाट पाहू आणि काम आपली.

आयऑक्टल आणि रीसेटचं काम यांनी सेटिंग_लॉक घेतल्यावर सर्वांत आधी ‘गेलं’ ध्वज पाहायचा. रीडच्या वाट पाहण्याच्या अटीतही तो हवा, नाहीतर वाचक कायमचा झोपेल. तिथे तो लॉकशिवाय वाचला जातो, म्हणून रीड_वन्सने वाचा आणि रिमूव्हमध्ये राइट_वन्सने लिहा. ध्वज लागलेला दिसला की रीड आणि आयऑक्टल उणे ईनोडेव्ह देतील.

गार्डकडे कधी वळायचं

6.5 पासून, म्हणजे 2023 पासून, कर्नलमध्ये गार्ड आहे. व्याप्ती संपली की लॉक आपोआप सुटतो, त्यामुळे मधल्या रिटर्नमध्ये अनलॉक विसरण्याचा प्रश्नच राहत नाही. मला ही सोय मनापासून आवडते. तरी एकाच फंक्शनमध्ये गोटू आणि गार्ड मिसळू नका. सुटण्याचा क्रम वाचणाऱ्याला कळेनासा होतो. आणि दोष दुरुस्त करणारा पॅच आहे त्या जुन्या शैलीतच लिहा, म्हणजे तो जुन्या स्थिर कर्नलांत सहज नेता येईल. गार्डचा बदल त्यानंतर वेगळ्या पॅचने करा.

एरर पाथ मुद्दाम चालवून पाहा

जी वाट कधी चाललीच नाही ती बरोबर आहे असं मानायला काही आधार नाही. फॉल्ट इंजेक्शन (मुद्दाम बिघाड घडवणं) आणि त्यातला मेमरीच्या मागण्या फसवणारा फेलस्लॅब चालू करा. फेलस्लॅबचा इग्नोर-जीएफपी-वेट ‘एन’ करा, नाहीतर झोपू शकणाऱ्या मागण्या फसवल्या जात नाहीत. मग शेलमधून प्रोक/सेल्फ/फेल-एनथ या फाइलमध्ये 1 लिहा आणि त्याच शेलच्या अंतर्गत इकोने ड्रायव्हर बाइंड करा. पहिली मेमरीची मागणी फसेल. मग 2, मग 3. ती फाइल वाचल्यावर शून्याऐवजी धन संख्या मिळाली की समजा, आता फसवायला मागणी उरली नाही. प्रत्येक फेरीनंतर केमेमलीकला स्कॅन करायला सांगा.

दुसरी चाचणी: एका टर्मिनलवर सतत वाचणारा प्रोग्रॅम, दुसऱ्यावर वेग बदलणारा, तिसऱ्यावर बाइंड-अनबाइंडचं चक्र. रात्रभर चालू द्या. इंटरप्ट वाटून घेतलेला असेल तर डीबग_शेअर्ड_आयआरक्यूचा पर्यायही लावा. फ्री_आयआरक्यूच्या वेळी तो हँडलर मुद्दाम आणखी एकदा बोलावतो, आणि रिमूव्हचा क्रम चुकला असेल तर तिथेच उघडा पडतो.

पॅच पाठवताना

एका पॅचमध्ये एकच दोष. चुकीचा कोड कोणत्या कमिटने आणला ते शोधा आणि फिक्सेस ओळीत त्याच्या क्रमांकाची पहिली 12 अक्षरं आणि शीर्षक द्या; स्थिर कर्नलात जायला हवा असेल तर स्थिर शाखेची सीसी ओळ जोडा. वर्णनात दोन प्रोसेस नेमक्या कोणत्या क्रमाने चालल्या की बिघाड होतो ते दोन रकाने करून दाखवा, आणि लॉकडेपचा अहवाल मिळाला असेल तर त्यातला कामाचा भाग लावा. प्रोबचा क्रम बदलणारा पॅच मालिकेत आधी ठेवा, कारण रिमूव्हची दुरुस्ती त्याच क्रमावर उभी असते.